परसातील बिनधुराची चूल : निवड, बांधणी आणि वापर

घरामागील परसात पेटणारी चूल हा आपल्या ग्रामीण संसाराचा जुना भाग आहे. १ मे २०१६ रोजी पंतप्रधान उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी पुष्कळ स्वयंपाकघरांत पोहोचली. तरीही अंघोळीचे पाणी तापविणे, दुभत्या जनावरांचे आंबोण शिजविणे, लग्नकार्यातील मोठी पातेली चढविणे, सिलिंडर संपल्यावर दोन वेळचे जेवण उरकणे ही कामे बहुधा परसातच सरपणावर होतात. घरातला धूर कमी झाला, परंतु परसातला धूर तसाच राहिला. हा धूर कसा टाळावा, त्यासाठी कोणती चूल निवडावी, ती कशी बांधावी आणि तिच्यावर स्वयंपाक कसा करावा, ह्याची माहिती ग्रामसेवक, ग्रामसेविका व शेतकरी बंधुभगिनींना व्हावी, हा ह्या पाठाचा उद्देश आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घ्यावी. केवळ चूल विकत घेतल्याने किंवा बांधल्याने धूर नाहीसा होत नाही. सुके सरपण, योग्य जागी मिळणारी हवा आणि तापलेली चूल ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजेच बिनधुराचा विस्तव मिळतो. ह्यांपैकी एकही कमी पडली तर उत्तमातली उत्तम चूलही धुमसू लागते.

धूर म्हणजे काय?

लाकूड जळते असे आपण म्हणतो. पण प्रत्यक्षात ते तीन टप्प्यांनी जळते. पहिल्या टप्प्यात लाकडातील पाणी वाफ होऊन निघून जाते. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे उष्णतामान साधारण दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत चढल्यावर, लाकडातून ज्वालाग्राही वायू व डांबरासारखी वाफ बाहेर पडू लागते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा रीतीने वायुरूप होतो. आपल्याला दिसणारी ज्वाला ही ह्या वायूची होय. तिसऱ्या टप्प्यात उरलेला कोळसा ज्वालेवाचून, धगधगत जळतो.

दुसऱ्या टप्प्यात निघालेला वायू पूर्ण जळण्यासाठी सहाशे अंशांच्या वर उष्णता, पुरेशी हवा आणि दोहोंचे मिश्रण होण्यास थोडा अवकाश लागतो. हे न मिळाल्यास तो वायू न जळताच निसटतो आणि थंड होऊन पांढरट धूर बनतो. म्हणजेच धूर हे न जळलेले सरपण होय. डोळ्यांत जाणारा प्रत्येक लोट हा आपण तोडून, वाहून आणलेल्या लाकडाचाच अंश असतो. काळ्या काजळीचे कारण थोडे निराळे आहे. ज्वाला पेटलेली असते, पण तिला हवा अपुरी पडते किंवा ती भांड्याच्या थंड बुडाला आपटून विझते. मग तिच्यातील कोळशाचे सूक्ष्म कण काजळी होऊन बाहेर पडतात.

धुराची किंमत

धुराचा त्रास केवळ डोळे चुरचुरण्यापुरता नाही. त्यातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. लहान मुलांमध्ये न्यूमोनिया, मोठ्यांमध्ये दीर्घकालीन दमा व श्वासरोग, हृदयविकार आणि स्त्रियांमध्ये मोतीबिंदू ह्यांचा चुलीच्या धुराशी संबंध असल्याचे वैद्यकशास्त्राने दाखविले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरगुती धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले. हा भार मुख्यतः चुलीपुढे बसणाऱ्या गृहिणीवर आणि तिच्या कडेवरच्या मुलावर पडतो.

दुसरी किंमत सरपणाची. पाच माणसांच्या कुटुंबास अंघोळीसाठी रोज ८० लिटर पाणी लागते आणि ते ३० अंशांनी तापवावयाचे आहे असे धरू. त्यासाठी पाण्याला प्रत्यक्ष २,४०० किलोकॅलरी उष्णता द्यावी लागते. एक किलो सुक्या लाकडातून सुमारे ३,६०० किलोकॅलरी मिळतात. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्यांतील शेकडा १० ते १५ भागच भांड्याला पोहोचतो. शेकडा १२ धरल्यास रोज साडेपाच किलो लाकूड लागेल. चूल सुधारून हा भाग शेकडा २४ पर्यंत नेला तर पावणेतीन किलो पुरेल. वाचलेले लाकूड वर्षाकाठी दहा क्विंटल भरते. हे लाकूड विकत घ्यावयाचे असो वा डोक्यावरून आणावयाचे असो, बचत लहान नव्हे.

मागील प्रयत्नांचा धडा

बिनधुराच्या चुलीची कल्पना आपल्याकडे नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी १९४० च्या दशकात ‘मगन चूल’ तयार केली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील श्री. एस. पी. राजू ह्यांनी धुराडे असलेल्या चुलीचा पुरस्कार केला आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९८३ पासून २००२ पर्यंत केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला व देशभर तीन कोटींहून अधिक चुली देण्यात आल्या.

नंतरच्या पाहण्यांत त्यांपैकी पुष्कळ चुली मोडलेल्या किंवा पडून असलेल्या आढळल्या. धुराडी साफ न केल्याने ती तुंबली. चुलीचे तोंड लहान वाटले म्हणून कोणी ते फोडून मोठे केले आणि त्याबरोबर हवेचे प्रमाण बिघडले. काही चुली घरातील भांड्यांच्या मापाच्याच नव्हत्या. ह्यावरून घ्यावयाचा धडा असा की, जिला चुलीवर रोज काम करावयाचे आहे तिला विचारून चूल निवडावी, आणि चूल दिल्यावर काम संपले असे समजू नये.

चूल निवडण्यापूर्वी

चुलीचा प्रकार ठरविण्यापूर्वी घरच्या गृहिणीशी बसून पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात. चुलीवर मुख्य काम कोणते : पाणी तापविणे, रोजचा स्वयंपाक की अधूनमधून मोठी रांधप? सर्वांत मोठे व सर्वांत लहान भांडे कोणते? घरी सरपण कोणते मिळते : फोडलेली लाकडे, तुराट्या व पऱ्हाट्या, की नारळाच्या झावळ्या व करवंट्या? बसून काम करणे सोयीचे की उभ्याने? चूल एके जागी हवी की हलविता येणारी?

जागेचाही विचार तितकाच महत्त्वाचा आहे. चूल घराच्या दारा-खिडक्यांपासून व गोठ्यापासून दूर, वाऱ्याच्या उताराकडे असावी. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, हे ध्यानात ठेवावे. कडब्याची गंज, गवताचे छप्पर व सरपणाचा ढीग ह्यांपासून निदान ३० फूट अंतर राखावे. पावसापासून आडोसा म्हणून वर पत्रा घालावयाचा असल्यास तो आठ फुटांपेक्षा कमी उंचीवर नसावा आणि निदान तीन बाजू उघड्या असाव्यात.

चुलीचे तीन प्रकार

१. नळीची चूल. हिचा आकार आतून इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा असतो. आडव्या तोंडातून सरपण आत जाते आणि उभ्या नळीतून ज्वाला वर चढते. नळीभोवती उष्णता कोंडून ठेवणारा थर असल्याने आतील उष्णतामान चढते व वायू भांड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच जळतो. अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की ह्यांनी १९८० च्या दशकात ह्या चुलीचे नियम मांडले. काटक्या, तुराट्या, बारीक फोडलेली लाकडे असणाऱ्या घरी रोजच्या कामाला हीच चूल सर्वांत योग्य होय.

२. दुहेरी भिंतीची शेगडी. ही एकात एक बसविलेल्या दोन लोखंडी पिंपांची असते. खालच्या छिद्रांतून आलेली काही हवा थेट सरपणाला मिळते. उरलेली दोन भिंतींमधून तापत वर चढते आणि आतील भिंतीच्या काठाजवळील छिद्रांतून ज्वालेवर येते. ह्या तापलेल्या दुसऱ्या हवेमुळे उरलेला वायू जळून जातो. मोठे पातेले, शेकोटी, भाजणी ह्यांसाठी ती चांगली. बाजारात ती तयार मिळते. घेताना आतील पत्रा जाड व न गंजणारा आहे ना, वरच्या छिद्रांची ओळ पूर्ण आहे ना, राख काढण्याची सोय व भांड्यासाठी मजबूत तिवई आहे ना, हे पाहून घ्यावे.

३. खड्ड्याची चूल. एक फूट व्यासाचा व सव्वा ते दीड फूट खोल खड्डा खणावा. त्यापासून एक फुटावर, वाऱ्याच्या बाजूस, सहा इंच व्यासाचे तिरपे भोक पाडून ते खड्ड्याच्या तळाशी मिळवावे. विस्तव खड्ड्यात पेटतो आणि हवा भोकातून तळाशी ओढली जाते. शेतावर चार दिवस मुक्काम असेल किंवा कधीमधी मोठा स्वयंपाक असेल तर ही चूल फुकटात होते. मात्र ती मुरमाड किंवा घट्ट जमिनीतच करावी. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व भोक ढासळते. आणि पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते.

केवळ अंघोळीच्या पाण्याचा प्रश्न असेल तर आपला तांब्याचा बंब विसरू नये. त्याच्या मधल्या नळीतून ज्वाला वर जाते, नळीमुळे हवा आपोआप ओढली जाते आणि भोवतालच्या पाण्याला सर्व बाजूंनी उष्णता मिळते. त्यात बारीक व सुके सरपण घातल्यास तो सहसा धुमसत नाही.

नळीच्या चुलीची बांधणी

रोजच्या वापरासाठी हीच चूल अधिक उपयोगी असल्यामुळे तिची बांधणी सविस्तर देत आहोत.

आतील नळी चौकोनी, ५ इंच लांब व ५ इंच रुंद ठेवावी. तळापासून वरच्या काठापर्यंत उंची १४ इंच असावी. मोठा हंडा ठेवावयाचा असेल तर नळी ६ इंचांची व उंची १७ इंच करावी. नळीसाठी चिकणमाती व भाताचे तूस सारख्या मापाने मिसळून, दोन दिवस भिजत ठेवून, दीड इंच जाडीच्या फरश्या थापाव्यात व सावलीत वाळवाव्यात. विस्तवाने तूस जळून गेले की फरशीत बारीक पोकळ्या राहतात आणि उष्णता कोंडली जाते. तूस न मिळाल्यास लाकडाचा भुसा चालेल. भरीव विटा किंवा दगड नळीला वापरू नयेत. ते स्वतःच उष्णता पिऊन घेतात व विस्तव पुष्कळ वेळ थंड राहतो.

नळीपासून तीन इंच अंतरावर चारही बाजूंनी विटांची बाहेरची भिंत बांधावी आणि मधली जागा चाळलेल्या कोरड्या राखेने भरावी. वरून एक इंच मातीचा गिलावा करून राख बंद करावी. सरपणाचे तोंडही आतून ५ इंच लांब-रुंद असावे. त्यात तळापासून पावणेदोन इंच उंचीवर पत्र्याची आडवी फळी बसवावी. सरपण फळीवर ठेवावयाचे आणि फळीखालची जागा हवेसाठी सदैव मोकळी ठेवावयाची. ही फळी म्हणजे चुलीचे नाक आहे. ते बुजले की चूल गुदमरते.

नळीच्या काठावर भांडे टेकण्यासाठी तीन टेकू असतात. त्यांची उंची ठरविण्याचा नियम सोपा आहे : नळीच्या रुंदीचा चौथा हिस्सा. ५ इंचांच्या नळीला सव्वा इंच, ६ इंचांच्या नळीला दीड इंच. टेकू ह्याहून ठेंगणे केल्यास ज्वालेला निघावयास वाट राहत नाही व तोंडातून धूर मागे येतो. उंच केल्यास उष्णता भांड्याला न लागता वाया जाते. भांड्याभोवती अर्धा ते पाऊण इंच अंतर सोडून पत्र्याचे कडे उभे केले तर गरम वायू भांड्याच्या कडांनाही लागतात आणि सरपणात आणखी बचत होते.

चूल आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्यावी. नंतर दोन-तीन दिवस लहान विस्तव करून ती हळूहळू तापवावी; एकदम मोठा जाळ केल्यास तडे जातात.

दुहेरी भिंतीची शेगडी घरी करावयाची झाल्यास आतील पिंप बाहेरच्यापेक्षा अडीच-तीन इंचांनी लहान व्यासाचे घ्यावे. बाहेरील पिंपाला तळाजवळ एक इंचाची दहा-बारा छिद्रे आणि आतील पिंपाच्या तळालाही छिद्रे पाडावीत. आतील पिंपाच्या वरच्या काठाखाली दीड इंचावर अर्ध्या इंचाच्या छिद्रांची ओळ फिरवावी. दोन पिंपांमधील फट वरून पत्र्याने बंद करावी. कीटकनाशकाचे किंवा रसायनांचे पिंप कधीही वापरू नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही टाळावा; तापल्यावर त्यातून निघणाऱ्या धुराने ताप येतो व छाती भरते.

सरपणाची तयारी

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. चांगल्या वाळलेल्या लाकडात ते शेकडा १५ ते २० उरते. एक किलो पाण्याची वाफ करण्यात सहाशेहून अधिक किलोकॅलरी खर्च होतात. परंतु ह्याहून मोठे नुकसान निराळेच आहे : त्या वाफेमुळे चूल थंड राहते आणि वायू जळण्याइतकी तापतच नाही. म्हणून ओले लाकूड कोणत्याही चुलीत धूर करणारच.

लाकडे माघ-फाल्गुनात फोडून, जमिनीपासून वीतभर उंच आडव्या ओंडक्यांवर, मधून वारा खेळेल अशी रचावीत व वैशाखापर्यंत ऊन द्यावे. पावसाळ्यापूर्वी ती छपराखाली न्यावीत. नळीच्या चुलीसाठी एक ते दीड इंच जाडीच्या ढलप्या कराव्यात. लाकूड सुकले की नाही हे ओळखण्यास दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. सुके लाकूड खणखणते, ओल्याचा बद्द आवाज येतो. अधिक खात्रीसाठी एक तुकडा दर आठवड्यास तोलावा. वजन घटावयाचे थांबले म्हणजे लाकूड तयार झाले.

बाभूळ, सुबाभूळ ह्यांचा विस्तव टिकतो व निखारे चांगले पडतात. तुराट्या झटकन पेटतात, म्हणून चूल पेटविण्यास उत्तम. गोवऱ्या बहुधा धुमसतात. शेण खतासाठी किंवा गोबरगॅससाठी वापरणे अधिक हिताचे. पऱ्हाट्या सरपणास चांगल्या असल्या तरी त्यांच्या ढिगात शेंदरी बोंडअळी आश्रय घेते. त्या शेताच्या बांधावर रचून ठेवू नयेत आणि पुढील हंगामापूर्वी जाळून संपवाव्यात.

काही वस्तू चुलीत मुळीच घालू नयेत : प्लॅस्टिक, रबर, रंग दिलेले लाकूड, कण्हेरीची लाकडे, बिब्ब्याची फळे व फांद्या, काजूबीची टरफले. ह्यांचा धूर विषारी किंवा दाहक असतो. शेराच्या चिकापासूनही डोळ्यांना इजा होते.

पेटविणे आणि स्वयंपाक

नळीच्या चुलीत प्रथम दोन-तीन तुराट्यांचे तुकडे आतल्या टोकाशी पेटवावेत. ज्वाला नळीत चढू लागली की बारीक ढलप्या घालाव्यात. सरपण फळीवर एका थरात, एकमेकांत बोटभर अंतर ठेवून मांडावे. जळणारे टोक आत ढकलीत जावे. म्हणजे जेवढे पुढे सरकविले तेवढेच जळेल. आच वाढवावयाची तर ढलपी पुढे सारावी, मंद करावयाची तर मागे ओढावी. तोंड भरून लाकडे कोंबणे हे धुराचे सर्वांत मोठे कारण आहे.

दुहेरी भिंतीच्या शेगडीत रीत उलटी आहे. जाड लाकडे तळाशी, मध्यम त्यांवर व काटक्या सर्वांत वर रचून विस्तव वरून पेटवावा. तो हळूहळू खाली उतरतो आणि खालून निघणारा वायू वरच्या ज्वालेतून गेल्याने जळून जातो. सरपण वरच्या छिद्रांच्या ओळीखालीच राहिले पाहिजे. दोन्ही चुलींत जाळ नीट धरल्यावरच भांडे ठेवावे. भांडे ज्वालेत बुडाले तर ज्वाला थंड होऊन काजळी धरते.

भात, डाळ, रस्सा ह्यांसाठी प्रथम जोराचा जाळ द्यावा आणि उकळी फुटली की निम्मे सरपण मागे ओढावे. उकळते पाणी जोराच्या जाळाने अधिक तापत नाही, केवळ अधिक आटते. भांड्यावर झाकण असावे. डाळ व कडधान्ये आधी भिजवावीत. भांड्याच्या बुडाला बाहेरून मातीचे किंवा राखेचे लेवण दिल्यास काजळी सहज निघते.

डाळ दहा-पंधरा मिनिटे खळखळून उकळल्यावर भांडे झाकणासह वाळल्या गवताने भरलेल्या टोपलीत ठेवून वर जाड गोधडी घातली, तर ती दोनेक तासांत विस्तवाशिवाय शिजते. भाताला पाच मिनिटांची उकळी व तासभर टोपली पुरते. अन्न गरम असतानाच वाढावे; ते टोपलीत कोमट होईपर्यंत ठेवू नये.

भाकरीला मात्र निराळी आच लागते. नळीच्या चुलीची ज्वाला मध्यभागी एकवटते, त्यामुळे पातळ तव्यावर भाकरीचा मधला भाग करपतो व कडा कच्च्या राहतात. ह्यावर उपाय म्हणजे जाड लोखंडी किंवा बिडाचा तवा वापरणे आणि जाळ मंद ठेवणे. पाणी फिरविलेली बाजू तव्यावर शेकून झाली की चिमट्याने निखारे तोंडापुढे ओढून भाकरी त्यांवर फुगवावी. पुष्कळ भाकऱ्या करावयाच्या असल्यास जाळ ओसरून निखारे पडलेली दुहेरी भिंतीची शेगडी अधिक सोयीची. हुरड्याच्या आगटीचेही असेच आहे. कणसे ज्वालेवर न धरता धूर सरून धगधगलेल्या निखाऱ्यांत भाजावीत; अन्यथा हुरड्याला धुराचा वास लागतो.

धूर दिसू लागल्यास

पेटविताना थोडा धूर येणारच. पाच-सात मिनिटांनंतरही तो राहिला तर कारण शोधावे. पांढरा धूर येत असेल तर सरपण ओले आहे किंवा ज्वाला विझून लाकूड नुसते धुमसत आहे. सुक्या काटकीने ज्वाला पुन्हा धरवावी. काळा धूर व काजळी येत असेल तर सरपण जास्त झाले आहे किंवा भांडे फार खाली आहे. तोंडातून धूर मागे येत असेल तर टेकू ठेंगणे आहेत, फळीखाली राख साचली आहे किंवा वारा समोरून येत आहे. पहिली चूल चांगली चालून पुढे धूर करू लागली असेल तर आतील फरशी फुटली आहे काय ते पाहावे. फळीखालील राख रोज काढावी व तडे मातीने वेळीच बुजवावेत.

दक्षता

धूर दिसत नाही म्हणजे विषारी वायू नाही असे समजू नये. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो. थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणे जीवघेणे ठरते. ह्या पाठातील सर्व चुली उघड्या परसासाठी आहेत. त्यांना धुराडे नाही. म्हणून त्या स्वयंपाकघरात नेऊ नयेत आणि घरात गॅस किंवा गोबरगॅस असल्यास तो सोडून ह्यांकडे वळू नये. धुराडे बसविलेली जुनी चूल घरात असेल आणि तिची नळी ॲस्बेस्टॉस सिमेंटची असेल, तर ती कापू अथवा घासू नये. तिची धूळ फुप्फुसांस घातक असते.

काम करताना पदर खोचलेला असावा. मुलांना हातभर लांब ठेवावे. जवळ पाण्याची बादली व वाळूचे घमेले असावे. विस्तव पेटविण्यास रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये. काम संपल्यावर निखारे पाण्याने विझवावेत. खड्ड्याची चूल मातीने नुसती झाकल्यास आत विस्तव तासन् तास जिवंत राहतो व त्यावर पाय पडून भाजते. भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे थंड पाण्याची धार धरावी. हळद, शाई किंवा दंतमंजन लावू नये आणि जखम मोठी असल्यास त्वरित दवाखान्यात न्यावे.

राखेचा उपयोग

लाकडाच्या राखेत पालाश व चुना असतो. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ती थोड्या प्रमाणात घालणे लाभदायक आहे. चोपण किंवा चुनखडीच्या जमिनीत मात्र घालू नये. युरिया, अमोनियम सल्फेट किंवा ताज्या शेणखतात राख मिसळू नये. त्यामुळे नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते.

प्रात्यक्षिक कसे घ्यावे?

ग्रामसेवकांनी व ग्रामसेविकांनी नुसते व्याख्यान देऊ नये. एका घरच्या परसात जुनी व नवी चूल शेजारी शेजारी मांडावी. दोन्हींवर सारख्या आकाराच्या भांड्यात पाच-पाच लिटर पाणी ठेवावे. दोन्हींसाठी एकाच ढिगातील लाकूड तोलून घ्यावे. पाण्याला उकळी येण्यास लागलेला वेळ व उरलेले लाकूड पुन्हा तोलून सर्वांसमक्ष फळ्यावर लिहावे. चूल पेटविण्याचे व सरपण घालण्याचे काम त्या घरच्या बाईनेच करावे. कार्यकर्त्याने केवळ सांगावे. भाकरी करून पाहिल्याशिवाय प्रात्यक्षिक पुरे झाले असे मानू नये, कारण ज्या चुलीवर भाकरी होत नाही ती आपल्या घरात टिकत नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी, महिन्याने आणि पहिल्या पावसानंतर त्या घरी पुन्हा जावे. फळी जागेवर आहे काय, तोंड कोणी मोठे केले आहे काय, सरपण कोरड्या जागी आहे काय हे पाहावे. चूल वापरात नसेल तर दोष न देता कारण विचारावे. त्या कारणातच पुढील घरी चूल कशी बांधावी ह्याचे उत्तर सापडते.

उजळणीसाठी प्रश्न

१. धुराला ‘न जळलेले सरपण’ का म्हणतात?
२. साडेपाच इंच रुंदीच्या नळीला टेकू किती उंचीचे हवेत?
३. नळीच्या चुलीत पत्र्याच्या फळीखालची जागा मोकळी का ठेवावी?
४. दुहेरी भिंतीच्या शेगडीत विस्तव वरून का पेटवावा?
५. आपल्या गावातील जमीन, सरपण व भांडी ध्यानात घेता तीन प्रकारांपैकी कोणती चूल योग्य ठरेल? हे उत्तर लिहिण्यापूर्वी किमान तीन घरच्या गृहिणींना विचारावे.